येसर रस्सा, भाकरी आणि हजाराच्या आतली वाईन

आमची भिशी जोडप्यांची आहे. चार घरं, दर महिन्याला एकाकडं जेवण, आणि फेब्रुवारी आमच्याकडं होता. नेहमी काय होतं, पुरुष मंडळी गच्चीवर आपापलं घेऊन बसतात आणि आम्ही बायका खाली भाकऱ्या थापत बसतो, मग अकरा वाजता ते खाली येतात तेव्हा रस्सा गार झालेला असतो. मला ह्यावेळी ते नको होतं. म्हणलं सगळ्यांनी एकाच वेळी ताटावर बसायचं, ज्यांना घ्यायचीय त्यांनी जेवणासोबत एक-दोन ग्लास वाईन घ्यायची, बस. नवरा म्हणाला चालेल, पण बघायचं तुलाच. बजेट ठरलं की एका बाटलीला हजाराच्या वर जायचं नाही, आणि मेनू आपलाच राहणार, वाईनसाठी पास्ता करणार नाही.

हे सगळं नोव्हेंबर 2024 मध्ये ठरलं. जालन्यात राहणाऱ्या बाईनं वाईन विकत घेणं हे किती अवघड असेल ह्याचा मला अंदाज होता, तरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाय जड झालेच. संध्याकाळी सहाला गेले, ती वेळच चुकीची, समोर जाळी, जाळीपुढं वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांचे हात पैसे घेऊन आत. मी आले म्हणल्यावर लोक आपोआप बाजूला झाले, ते जास्त अवघड वाटलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, गिफ्ट द्यायचीय का?" म्हणलं नाही, घरीच प्यायचीय, जेवणासोबत. "मग ही घ्या, गोड आहे, लेडीज लोक हीच नेतेत." ती पोर्ट वाईन होती, साडेतीनशेच्या आसपास. दुसरं काय आहे विचारलं तर वरच्या फळीवरून धूळ झटकत दोन लाल बाटल्या काढल्या. ती फळी ट्यूबलाइटच्या अगदी खाली, आणि दुकानाचं तोंड पश्चिमेला. हे तेव्हा मला काही कळलं नाही, पुढं कळलं.

पोर्ट घरी आणली आणि मटणासोबत घेऊन बघितली. आपल्याकडं पोर्ट म्हणून जी मिळते ती सरबतासारखी गोड असते, पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टशी तिचा संबंध नावापुरता. नुसती प्यायला ज्यांना आवडते त्यांना आवडो, पण तिखट रश्शावर साखरेचा पाक ओतल्यासारखं झालं. बाटली बाजूला ठेवली.

म्हणलं जरा मोठ्या दुकानात बघू, तर मध्ये विधानसभा आली. मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणून 18 च्या संध्याकाळपासूनच दुकानं बंद, परत 23 ला मतमोजणी म्हणून ड्राय डे. तुमचा काही कार्यक्रम असेल तर कॅलेंडर आधी बघा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी हे लक्षात राहतं, निवडणुकीचं राहत नाही.

त्या बंदच्या दिवसांत मी परमिटचं काम केलं. खूप जणांना माहीतच नसतं की महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला स्वतःच्या नावाचं परमिट लागतं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि तो अजून लागू आहे, नावातच दारूबंदी आहे. एका दिवसाचं परमिट 5 रुपयांना, देशीसाठी 2 रुपयांना, वर्षाचं 100 रुपये आणि आजीवन 1000 रुपये. दुकानात कुणी विचारत नाही हे खरंय, मला तर कधीच विचारलं नाही. पण मला पुढं नाशिकहून बाटल्या आणायच्या होत्या, दोन जिल्हे ओलांडून गाडीतून येताना डोक्याला ताप नको म्हणून काढलं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या साइटवर अर्ज ऑनलाइन भरता येतो. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, पैसे तिथंच भरायचे. वाईनसाठी वय 21 पूर्ण लागतं, हार्ड ड्रिंकसाठी 25. फोटो आणि आधारची फाइल मोबाईलवर आधीच लहान करून ठेवा, म्हणजे भरताना अडकत नाही.

मी आजीवन काढलं. नवरा म्हणाला, एका भिशीसाठी आजीवन? म्हणलं वर्षाला शंभर म्हणजे दहा वर्षांत तेवढेच होतात, आणि दरवर्षी कोण अर्ज भरत बसणार. डिसेंबर उजाडला तेव्हा परमिट हातात होतं. त्यात लिहिलंय की हे आरोग्य राखण्यासाठी आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "मग बीपीच्या गोळ्या बंद करते का आता?"

डिसेंबरमध्ये संभाजीनगरला कामासाठी जाणं झालं, साठ किलोमीटर, एरवीही जातोच. तिकडं जालना रोडच्या बाजूला एक मोठं दुकान आहे, आत जाऊन फिरून बघता येतं, एसी आहे, दुपारी तीनला गेले तर आत तीनच गिऱ्हाईकं. बायकांना माझं पहिलं सांगणं हेच, वेळ दुपारची धरा आणि दुकान आत जाता येणारं बघा. ते नसेल तर बिअर शॉपीत बघा, बऱ्याच शॉपीत वाईनपण असते आणि जाळीपुढची झुंबड नसते.

तिथल्या मालकांनी मला जे शिकवलं ते नंतर कुठंच एवढं सोपं करून कुणी सांगितलं नाही. ते म्हणाले, "ताई, ब्रँड नंतर बघा, आधी बाटली कुठं ठेवलीय ते बघा." वाईनला उष्णता आणि उजेड दोन्ही चालत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये 42-43 जातं, बंद दुकानात रात्री अजून गरम, त्यात बाटली महिनोनमहिने उभी राहिली की आतली वाईन शिजल्यासारखी होते, वास मुरांब्यासारखा आणि चव सपाट. मग त्यांनी लेबलवरचं साल दाखवलं. आपल्या इकडच्या ह्या किमतीतल्या पांढऱ्या वाईन ताज्याच प्यायच्या असतात, साल एक-दोन वर्षांच्या आतलं घ्यायचं, जुनी म्हणजे भारी हे ह्या बाटल्यांना लागू नाही. कॉर्क वर आलेलं असेल किंवा तोंडाशी चिकट ओघळ असेल तर बाटली तशीच परत ठेवायची. जालन्याच्या त्या वरच्या फळीवरची बाटली मला तेव्हा आठवली.

इम्पोर्टेड घ्यायची का म्हणून विचारलं, दीड-दोन हजारांच्या बाटल्या दिसत होत्या. ते म्हणाले त्यातला मोठा भाग टॅक्सचाच असतो. मी घरी आल्यावर वाचलं तर खरंच, परदेशी वाईनवर सगळी मिळून कस्टम ड्युटीच 150 टक्के. ऑस्ट्रेलियाबरोबर करार झाला तो 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे, त्यात 5 ते 15 डॉलरच्या बाटलीवर ती 100 वर आणली आणि पुढं हळूहळू कमी होणार, पण आत्ता तरी हजाराच्या आत बघायचं तर इकडचीच बघावी लागते. आणि इकडची स्वस्त पडते त्याला कारण आहे. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, त्यातून नाशिकची सगळी वाढ झाली. जानेवारी 2022 मध्ये तर हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णयपण मंत्रिमंडळानं घेतला होता, मोठा विरोध झाला आणि ते झालंच नाही. झालं असतं तर मला किराणा घेता घेता मिळाली असती. असो.

त्या दिवशी एक शिराज घेतली, म्हणजे लाल, आणि एक शेनिन ब्लाँ. दोन्ही नाशिकच्या, दोन्ही हजाराच्या आत. शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या द्राक्षाची जात आहे, नाशिकच्या सुला कंपनीची ह्याच नावानं मिळते, किंचित गोडसर असते. मालक म्हणाले दोन्ही एकाच जेवणावर लावून बघा.

हे करून बघणं फार कामाचं ठरलं म्हणून सविस्तर सांगते. रविवारी भरली वांगी केली होती, शेंगदाणा-तीळ-खोबऱ्याचा मसाला, तिखट आमच्या घरच्यासारखं म्हणजे बऱ्यापैकी, सोबत ज्वारीची भाकरी. आधी शिराज. पहिला घोट नुसता घेतला तर छान, मिरी आणि जांभळासारखं काहीतरी. मग वांग्याचा घास आणि त्यावर घोट, तर तिखट एकदम भडकलं, घशापर्यंत गेलं, आणि वाईन नुसती कडू-तुरट लागायला लागली, जिभेवर कच्ची सुपारी घासल्यासारखी. मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते, आणि लाल वाईनमधलं टॅनिन, म्हणजे सालीतून आणि बियांतून येणारा तुरटपणा, तो तिखटावर अजून खरखरीत लागतो. मग भाकरीचा नुसता तुकडा खाल्ला, पाणी प्यायले, पाच मिनिटं थांबले आणि फ्रीजमधून काढलेली शेनिन घेतली. तोच घास, तोच मसाला. आता तिखट लागत होतं पण टोचत नव्हतं, शेंगदाण्याचा गोडवा उलट वर आला. पांढऱ्या वाईनमध्ये रस सालीबरोबर आंबवत नाहीत म्हणून तुरटपणा जवळजवळ नसतो, वर थोडी साखर आणि थंडपणा, तिन्ही आपल्या बाजूनं. नवऱ्याला मी काही न सांगता दोन्ही दिले, त्यानं शिराजचा ग्लास आपणहून लांब सरकवला.

शिराज फुकट गेली नाही. दोन दिवसांनी नवरा संभाजीनगरहून नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, घेऊन आला, ते मसालेदार असतं पण जाळणारं तिखट नसतं, आणि वर चरबीचा तवंग. त्या तवंगावर तीच शिराज इतकी बरी लागली की बाटली संपली. चरबीबरोबर तुरटपणा मऊ होतो. तेव्हापासून मी जेवण शाकाहारी की मांसाहारी हे बघतच नाही, तिखट किती आणि तेल-चरबी किती एवढंच बघते. "मटण म्हणजे लाल, मासे म्हणजे पांढरी" हे आपल्या ताटाला पुरत नाही. आमच्या काळ्या मसाल्याच्या मटणावर मी लाल देणार नाही.

अजून एक, उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची गरज नाही. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, लालपण फ्रीजमध्येच. पुष्कळ बाटल्यांना आता फिरवायचं झाकण असतं, नसेल तर कॉर्कस्क्रू लागतो, मी अडीचशेचा घेतला. स्क्रू ड्रायव्हरनं काढायच्या भानगडीत पडू नका, आमच्या शेजाऱ्यांचा भिंतीवरचा डाग अजून गेला नाही.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, शनिवार 18 ला नाशिकला गेलो. वैजापूर, येवला, विंचूर, निफाड असा रस्ता, विंचूरला एमआयडीसीचं वाईन पार्क रस्त्यातच लागतं. खास तेवढ्यासाठी जाऊ नका, पण त्र्यंबक किंवा शिर्डी होत असेल तर जोडून घ्या. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क ह्या दोन्ही वायनरी जवळजवळ आहेत. सुलाची टेस्टिंग रूम 2005 ची, देशातली पहिली. शनिवारी दुपारनंतर पुण्या-मुंबईची एवढी गर्दी होते की बोलायला कुणाला वेळ नसतो, आम्ही सकाळी पोचलो म्हणून निभावलं. चाखायचे माणशी काही शे रुपये पडतात, पाच-सहा प्रकार थोडे थोडे देतात. नवरा गाडी चालवणार होता म्हणून त्यानं घेतली नाही, मी घेतली आणि तीपण घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकत होते, तसं करायला मुद्दाम भांडं ठेवलेलं असतं, लाजायचं काम नाही.

चाखवणाऱ्या पोरीला मी सरळ मेनू सांगितला. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, घातलेला रस्सा, ठेचा, अंबाडीची भाजी, तळलेले मासे. ती मूळची परभणीची निघाली! हसायलाच लागली. म्हणाली, "ठेच्यापुढं कुठलीच टिकत नाही काकू, त्याच्यासोबत ताकच द्या." बाकीचं तिनं नीट सांगितलं. अंबाडी आंबट, तर वाईनपण तेवढी आंबट पाहिजे नाहीतर वाईन पाण्यासारखी लागते, त्यामुळं सोव्हिनियाँ ब्लाँ, तीपण पांढरीच. माशांनापण तीच. रश्शाला शेनिन किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, थंड करून.

माझं माहेर कडवंचीकडचं, वडलांची थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची बाग, त्यामुळं मला द्राक्षं बघण्यात जास्त रस. काढणी नुकती सुरू होत होती, जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते. तिथल्या कामगार दादांनी एक घड दाखवला. मणी आपल्या खायच्या द्राक्षाच्या अर्धा, साल जाड, आत बिया, आणि गोड इतकं की थॉमसन फिकं वाटावं. छाटण्या मात्र आपल्यासारख्याच, एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. वडलांना फोनवर सांगितलं की इथं वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवतात, चवीसाठी, तर ते म्हणाले, "मग भाव कोण देतंय?" बरोबरच आहे त्यांचं.

बाटल्या तिथंच घेतल्या. दुकानापेक्षा फार स्वस्त मिळते असं नाही, पण कुठं ठेवलेली आहे ते डोळ्यानं दिसतं आणि साल ताजं मिळतं. हिशोब असा केला की 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. आठ जणांत घेणारे सहा, प्रत्येकी दोन ग्लास म्हणजे बारा, म्हणजे अडीच बाटल्या. मी चार घेतल्या, दोन शेनिन, एक सोव्हिनियाँ, एक रोझे, साडेतीन हजाराच्या थोडं खाली बिल. बिल आणि परमिट डॅशबोर्डमध्ये ठेवलं, बाटल्या मागच्या सीटखाली गोधडीत गुंडाळून. डिकीत ठेवू नका, डिकी तापते. वाटेत कुणी अडवलं नाही.

भिशी रविवारी, 9 फेब्रुवारीला केली. शनिवारी जया एकादशी होती, त्यामुळं त्या दिवशी मटणाचं नावच नको. बाटल्या सकाळीच फ्रीजमध्ये ठेवल्या. पांढरी साधारण 8 ते 10 डिग्रीला चांगली लागते, म्हणजे फ्रीजमधून काढून दहा मिनिटांत ओतायची. लाल असेल तर तीपण अर्धा तास फ्रीजमध्ये घालाच. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहितात ते 16 ते 18 डिग्री असतं, आपली खोली फेब्रुवारीत दुपारी तीसला असते.

पैठणहून जायकवाडीची मरळ मागवली होती, ती तळून आधी दिली, त्याच्यावर सोव्हिनियाँ. ही जोडी सगळ्यात जास्त चालली, लिंबू पिळायचं लोक विसरले. मग रस्सा-भाकरी आणि शेनिन. दोघा भावजींनी आधी "हे बायकांचं पेय" म्हणून नाक मुरडलं, मी काहीच बोलले नाही, नुसतं ओतलं. पहिल्या ग्लासनंतर त्यांची गच्चीवरची पिशवी तशीच राहिली. रोझे मला स्वतःला रश्शावर थोडी पातळ वाटली, पण एका मैत्रिणीला तीच आवडली, तर तिच्यासाठी वेगळी ठेवली. जे घेत नव्हते त्यांना मोसंबीचा रस. ठेच्यासोबत ताक, ठरल्याप्रमाणं. साडेदहाला सगळ्यांची जेवणं झालेली होती आणि रस्सा गरम असताना संपला, मला तेवढंच पाहिजे होतं. एक शेनिन उरली.

आता मी काय करते ते सांगते. मार्चनंतर साठवून ठेवत नाही, लागेल तेव्हा एसीवाल्या दुकानातून एकच आणायची, गाडीत एसीसमोर ठेवायची, घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये. फ्रीजचं दार नको, सारखं उघडतं, आतल्या कप्प्यात आडवी. लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी नाशिकपर्यंत जाण्यापेक्षा अकलूज बघावं, फ्रातेली ह्या वाईन कंपनीच्या बागा तिकडं आहेत, सान्जोवेजे नावाची इटलीची लाल द्राक्षाची जात ते तिथं लावतात, कमी तिखट मटणाला ती बरी जाते. जायच्या आधी फोन करून वेळ ठरवून घ्या, आणि गाडी चालवणारा आधी ठरवा.